गुलालाआधीचं गाणं

१० नोव्हेंबर

पुण्याच्या कंपनीत रोजच्या चाचण्यांची नोंद ठेवावी लागे. कुठल्या स्पीकरचा आवाज कुठे फाटतो, कुठे घुमतो, एवढंच. कंपनीने तो विभाग बंद केला, मी परत आले, पण सवय गेली नाही. आता चाचण्या नाहीत म्हणून दिवस लिहिते.

मी आता काम करते तो राहतभाईंचा स्टुडिओ जिल्ह्याच्या शहरात, शहागंजात, बँडच्या वाद्यांच्या दुकानावर. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आहेत. त्यांनी आवाज थांबत नाही, हे मी आल्या दिवशीच सांगितलं होतं. राहतभाई म्हणाले, "मालूम है बेटा. मगर गिऱ्हाईक को वो दिखे बगैर स्टुडिओ लगताइच नहीं."

आम्ही आनंदाची गाणी करतो. नवा ट्रॅक्टर आला, मुलगी पोलिस भरतीत लागली, घर बांधलं, वाढदिवस आहे. चाली तीन-चारच आहेत, नाव बदलतं. नाव सुरुवातीलाच आलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतात गाणं आमचं वाटत नाही. राहतभाई लिहितात आणि गातात, मी ध्वनिमुद्रण आणि जुळणी करते. या सगळ्या गाण्यांचा अर्थ एकच असतो: आम्ही आलो, तुम्ही बाजूला व्हा. आल्यावर उद्या काय करणार, हे अजून एकाही गाण्यात आलेलं नाही.

काम तात्पुरतं आहे असं मी घरी सांगितलं आहे.

१३ नोव्हेंबर

दादांचा फोन. दादा म्हणजे वडील. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे आणि सरपंचपद या वेळी महिलेसाठी राखीव आहे.

"तुझ्या माईचा फॉर्म भरला," ते म्हणाले.

"तिला विचारलं का?"

"इचारायचं काय त्यात? गाणं तुमच्याकडंच करायचं बरं का. घरचं गाणं हाय, चांगलं करा."

मी म्हटलं, मी तिथे नोकरी करते, भाव राहतभाई सांगतील. ते म्हणाले, "तू लहानपणापासून अशीच हाय."

आई उमेदवार आहे याबद्दल मला विशेष काही वाटलं नाही. गावोगाव हेच चालतं. पाटी बायकोची, खुर्ची नवऱ्याची.

१७ नोव्हेंबर

आज चिन्हं मिळाली. आईला छताचा पंखा.

राहतभाईंनी डोक्याला हात लावला. "पंखा? या अल्लाह. पंखे को आवाज कहाँ है?"

यात तथ्य आहे. विजयाचं गाणं चिन्हावर उभं राहतं. शिट्टी, घंटा, ट्रॅक्टर ही चिन्हं स्वतःच वाजतात. कपाटाचं गाणं करणं कठीण. पंख्याचं त्याहून कठीण.

ही गाणी निकालाच्या आधीच तयार ठेवावी लागतात, कारण निकाल लागल्यावर तासाभरात मिरवणूक निघते. गाणं आधी डीजेवाल्याकडे पोचतं, तो ते बंद ठेवतो. उमेदवाराने मात्र ते आधी ऐकायचं नाही. गुलाल अंगावर पडण्याआधी स्वतःचं गाणं कानावर पडलं तर माणूस पडतो, असं मानतात. सगळीकडे मानतात. राहतभाईही पाळतात. म्हणजे आम्ही निवडणुकीत जी गाणी करतो, त्यातली निम्म्याहून अधिक ज्यांच्यासाठी केली ते कधीच ऐकत नाहीत. हरलेल्याचं गाणं राहतभाई ठेवतात, नाव पुसतात, आणि तेच चिन्ह असलेल्या दुसऱ्याला विकतात.

दादांनी शब्द पाठवले आहेत. त्यात 'बद्रीनाथभाऊंचा दरारा', 'बद्रीनाथभाऊंची शान', 'बद्रीनाथभाऊंच्या घरची लक्ष्मी'. आईचं नाव एकदा आहे, शेवटच्या ओळीत.

दुपारी आईचा फोन आला. ती सहसा रविवारी करते. आज सोमवार.

"मंजे, गाण्याला घेतलं का?"

"घेतलं."

"ऐकायचं नाय म्हणतेत मला. मी काय ऐकत नाय. नुसतं इचारते. माझं नाव हाय ना गं त्यात?"

मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

१९ नोव्हेंबर

आज गोकुळ आला होता. शाळेत माझ्या वर्गात होता, आमच्याच गल्लीतला, मनकर्णाकाकूंचा मुलगा. आईच्या विरोधात मनकर्णाकाकू उभ्या आहेत. मला माहीत होतं. तो आमच्याकडेच येईल हे माहीत नव्हतं.

मला बघून तो दारात थांबला. "इथं तू हाय व्हय? मग जाऊ का परत?"

राहतभाईंनी त्याला बसवलं, चहा मागवला. "अरे बैठो. डॉक्टर के पास दोनों पार्टी के लोग आते. हमारे पास बी आते. ये मुठ्ठी बंद है."

त्याची पार्टी शिट्टी. शिट्टी म्हणजे आमच्या धंद्यात आयतं गाणं.

गोकुळ जाताना म्हणाला, "माय म्हणली, गाणं कुठंबी कर, पण मंजूच्या मायला वाईट वाटंल असं काही त्यात घालू नको."

राहतभाईंनी ते लिहून घेतलं. मी नाही.

२३ नोव्हेंबर

आज रविवार, गावी घरी गेले. पिशोरची गाडी भरलेली होती, उभ्याने गेले. कारण लिहिते: पंख्याचा आवाज हवा होता. स्टुडिओतला पंखा नवा आहे, तो फक्त हवा मारतो. आमच्या स्वयंपाकघरातला पंखा लहानपणापासून एका फेऱ्याला एकदा कट् करतो. दादा दर उन्हाळ्यात तेल घालतात आणि तो दर उन्हाळ्यात पुन्हा बोलायला लागतो.

मी पाटावर पाट ठेवून माइक उंच धरला. आईला गप्प बसायला सांगितलं. ती भाकरी न थापता पिठाचे हात वर धरून उभी राहिली. एवढा वेळ तिला रिकामं उभं पाहिलेलं आठवत नाही.

तेवढ्यात मनकर्णाकाकू वाटी घेऊन आल्या. "मंजूची माय, विरजण हाय का गं? प्रचारात दूध नासलं माझं."

आई बोटाने चूप म्हणाली. काकूही हलल्या नाहीत. दोघी उमेदवार चुलीपाशी श्वास धरून उभ्या, आणि वर पंखा कट्, कट्, कट्.

झाल्यावर काकू म्हणाल्या, "काय करती गं ही पोरगी?"

"शहरातलं काहीतरी हाय," आई म्हणाली आणि विरजण दिलं.

गावात आईला मंजूची माय म्हणतात, नाहीतर बद्रीनाथची बायको. मतदारयादीत नाव शोधताना एका म्हातारीने विचारलं म्हणे, ही आशाबाई कोण?

निघताना आईने मला बाजूला घेतलं. "मंजे, माइकवर बोलताना आवाज थरथरतो माझा. त्याला काय करायचं असतं?"

मी सांगितलं की माइक ओठांपासून चार बोटं लांब धरायचा, पहिलं वाक्य छोटं ठेवायचं आणि बोलायच्या आधी श्वास सोडायचा, घ्यायचा नाही. तिने चार बोटं तोंडासमोर धरून पाहिली.

दादा बाहेरून म्हणाले, "तिला कशाला शिकवती? तिला फक्त हात जोडायचेत."

२६ नोव्हेंबर

पंख्याचा 'कट्' ठेक्यावर बसला. अगदी मधोमध नाही, किंचित मागे पडतो. दुरुस्त करून पाहिला तर मेला. मागेच ठेवला. त्यावर राहतभाईंनी ओळ बांधली:

पंखा फिरला गरागरा,
आशाबाईंचा आला वारा.

ओळ चांगली आहे, मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तू तारीफ करी? तबीयत ठीक है ना?"

दादांचं नाव ठेक्यात बसत नाही. जोडाक्षर जड आहे, चाल तिथे अडखळते. पहिल्या कडव्यातून काढलं. दुसऱ्यातही तीच अडचण होती. तिसऱ्यातलं काढल्यावर जागा रिकामी राहिली, तिथे आईचं नाव घातलं. 'आशाबाई' शब्द मोकळा आहे, सगळे स्वर उघडे आहेत, कुठेही बसतो.

राहतभाईंनी ऐकलं. चष्मा वर केला. "बेटा, बद्रीनाथ परसों तक तो बैठ रहा था."

मी म्हटलं, परवा ठेका वेगळा होता.

"हाँ," ते म्हणाले. "ठेकाच बदलला असंल."

२९ नोव्हेंबर

गाण्यात एक जागा आहे जिथे संगीत थांबतं आणि बायकांचा घोळका नाव पुकारतो. एरवी आमरीन करते. आमरीन राहतभाईंची पुतणी, आवाज खणखणीत. तिचा घसा बसला आहे. आमच्याकडे तयार घोळका आहे, पण तो 'ताई, ताई' असा आहे, तो प्रत्येक गाण्यात वापरून झाला आहे.

राहतभाई म्हणाले, "तूच बोल दे."

मी म्हटलं, मी गात नाही.

"गायचं कुठंय? पुकारायचंय. अम्मी का नाम लेने को क्या जाता?"

ते नमाजाला गेले. मी दार लावलं.

आईला नावाने हाक मारायची कधी वेळ येत नाही. फॉर्मवर लिहिलं आहे, तोंडाने उच्चारलेलं नाही. पहिले दोन-तीन प्रयत्न वाया गेले. आवाजाची पातळी पुरेशी येत नव्हती. मग माइकपासून लांब, दाराशी जाऊन हाक मारली. मग खिडकीपाशी. मग खाली बसून. एकच आवाज वेगवेगळ्या जागेहून घेतला आणि थोडा मागेपुढे केला की घोळका वाटतो, ही साधी पद्धत आहे. काही हाका म्हातारीच्या सुरात घेतल्या, काही लहान मुलीच्या.

लहान मुलीच्या एका हाकेत शेवट वर गेला आहे, प्रश्न विचारल्यासारखा. ती तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. खोल ठेवली आहे, ऐकू येणार नाही. काढलेली नाही.

राहतभाई परत आले, डोळे मिटून ऐकलं, पण नेहमीसारखी चेष्टा केली नाही. म्हणाले, "चाय पियेंगी?"

२ डिसेंबर

शिट्टीचं गाणं पूर्ण झालं.

शिट्टी वाजली, वाट सोडा,
मनकर्णाबाईंचा सुटला घोडा.

हे गाणं पंख्यापेक्षा वेगवान आहे. पंखा आरामात डुलत येतो, शिट्टी धावते. शिट्टीचा सूर मी स्वतः ठरवला. तो अर्धा सूर खाली ठेवला असता तर गाणं पडलं असतं आणि का पडलं हे कुणालाच कळलं नसतं. राहतभाईंनाही नाही. मी तसं करून ऐकलं. नंतर पुन्हा होतं तिथे नेलं.

हे का लिहिते आहे माहीत नाही. काम चोख झालं एवढीच नोंद पुरेशी होती.

प्रामाणिकपणे: शिट्टीचं गाणं जास्त चांगलं झालं आहे.

दोन्ही गाणी सांडूकडे पाठवली. त्या भागात डीजे एकच, सांडूचा. दोन्ही पार्ट्यांनी त्यालाच सांगून ठेवलं आहे. जो जिंकेल त्याच्यापुढे तो वाजवणार.

९ डिसेंबर

गोकुळने मोबाइलवर एक ध्वनिफीत पाठवली. खाली लिहिलं, 'तुझ्या मायचं भाषण. आमच्या पार्टीला टेन्शन.'

दादांनी तिला फक्त नमस्कार करायला सांगितलं होतं. ती बोलली. सुरुवातीला माइक खरखरतो, मग तो लांब गेल्याचं कळतं. चार बोटं असावीत. पहिलं वाक्य: "मी आशाबाई." मग शांतता. त्या शांततेत मागे कुणाचा तरी खोकला आहे आणि दादांचा आवाज, "नमस्कार कर, नमस्कार." मग ती पाण्याबद्दल बोलते. वरच्या आळीत नळाला पाणी कधी येतं हे एकाही पुरुषाला ठाऊक नाही, कारण ते येतं तेव्हा तो घरी नसतो. बायका हसतात. ती आणखी बोलते.

थरथर दुसऱ्या वाक्यापर्यंत आहे. त्यानंतर नाही. मी चारदा तपासलं.

संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, पातळी चांगली होती.

"म्हंजी?"

"म्हणजे ऐकू आलं."

"सगळ्यायला?"

"सगळ्यांना."

ती म्हणाली, "तुझ्या दादाला रात्री जेवण गोड लागलं नाय."

१४ डिसेंबर

मतदानाला गावी जाऊन आले. मत दिलं. यंत्रावर आईचं नाव छापलेलं पाहिलं, पुढे पंखा. बटण दाबायला इतरांपेक्षा वेळ लागला असावा, कारण आतल्या बाई म्हणाल्या, "झालं का हो?"

१६ डिसेंबर

मोजणी कन्नडला तहसीलमध्ये होती. दादा पहाटेच गेले. मी रजा काढून आईजवळ थांबले. कारण कुणीतरी थांबायला हवं होतं.

आईने सकाळपासून अंगण दोनदा झाडलं. नवी साडी नेसली, मग म्हणाली गुलालाने खराब होईल, आणि जुनी नेसली. मग म्हणाली, फोटो काढतील, आणि पुन्हा नवी. मला म्हणाली, "येडी झालेय मी." मी म्हटलं, दोन्ही चांगल्या आहेत.

"मंजे, आता तरी सांग. कसं झालंय गाणं?"

"अजून निकाल लागलेला नाही."

"नुसतं सांग. ऐकवू नको."

"सुरुवात पंख्याने होते. आपल्या पंख्याने."

तिने वर बघितलं. तोंडावर पदर धरून हसली.

दुपारी दादांचा फोन लागेनासा झाला. एकदा लागला, गोंगाटात "पुढं हाय, पुढं हाय" एवढं ऐकू आलं. त्यानंतर काही नाही. गल्ली रिकामी होती, सगळे फाट्यावर गेले होते. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो.

मिरवणूक लांबून येते तेव्हा आधी शब्द ऐकू येत नाहीत, चालही नाही. फक्त खालचे ठोके येतात, तेही कानाला नाही, जमिनीतून. उंबऱ्याला टेकलेल्या हाताला मला ते आधी लागले. फाट्यापाशी असावेत. ठोके कळले की वेग कळतो. दोन्ही गाण्यांचे वेग मीच ठरवलेले आहेत.

डुलत येणारे नव्हते. धावत येणारे होते.

आई म्हणाली, "आले वाटतं. कुणाचं गं गाणं?"

मला कळलं होतं. तिच्या आधी, गल्लीच्या आधी, बहुधा अख्ख्या वरच्या आळीच्या आधी.

मी म्हटलं, "अजून ओळखू येत नाही."

वळणापर्यंत तेवढा वेळ होता. तिने केस नीट केले. पदर खोचला. गुलाल डोळ्यांत जाऊ नये म्हणून कसं उभं राहायचं ते मला विचारलं. मी सांगितलं. मग वळणावर शिट्टी वाजली.

ती हळूच म्हणाली, "अगंबाई. मनकर्णा."

ट्रॅक्टर आमच्या दारापाशी आला. काकू वर उभ्या होत्या, ओळखू न येण्याइतक्या लाल. त्यांनी थांबवायला लावला, गोकुळच्या खांद्याला धरून खाली उतरल्या आणि आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. मुठीत गुलाल होता पण हात वर होईना. आईनेच त्यांचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला.

"आता तरी विरजण परत कर," आई म्हणाली.

काकू आधी हसल्या, मग रडल्या, मग आईला ओढत गर्दीत घेऊन गेल्या. आई नाचली. हात खांद्याच्या वर न नेता, जागच्या जागी, पण ठेक्यात.

परत आली तेव्हा धापा टाकत होती. "पडायचं ते पडले. पण गाणं लई भारी हाय गं त्यांचं. अंगात येतं माणसाच्या. कुणी केलं?"

"शहागंजातच कुठेतरी," मी म्हटलं.

१७ डिसेंबर

काल दादा उशिरा आले. सकाळी चहा घेताना म्हणाले, "तुझ्या माईला उभंच करायला नको व्हतं."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी कुठं केलं उभं? फॉर्म आणायला मी लावलं. तुमचा दोन दिवस नकारच व्हता."

मला हे माहीत नव्हतं. मी महिनाभर उलटं धरून चालले होते. कोणी सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं. दादांना विचारलं होतं, तिला नाही.

तेवढ्यात राहतभाईंचा फोन आला. पुढच्या टप्प्यात सिल्लोडकडे एका उमेदवाराला पंखा मिळाला आहे, गाणं तयार आहे का, अम्मींचं कळलं, वाईट वाटलं. मी म्हटलं, त्यांच्यासाठी नवीन करू, हे विकायचं नाही. पैसे पगारातून कापा.

"कापता नहीं," ते म्हणाले. "नवा पंखा ढूंढ."

लॅपटॉप आणि हेडफोन मी काल सोबत आणले होते. का आणले ते आणताना ठरलेलं नव्हतं.

आईला पाटावर बसवलं. म्हटलं, आता ऐकायला हरकत नाही. आता काय व्हायचं ते होऊन गेलं.

तिने पिठाचे हात धुतले, पुन्हा धुतले. हेडफोन मीच तिच्या कानांवर चढवले. तिचे कान कसे आहेत हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. डाव्या पाळीचं भोक ओघळलेलं आहे.

पंखा सुरू झाला तेव्हा तिने आधी छताकडे बघितलं. मग पहिली ओळ आली असावी. ती माझ्याकडे बघून ओरडली, "माझं नाव!"

हेडफोन लावलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की अंगणातले दादा आत आले.

"पुन्ना घेतलं! मंजे, पुन्ना माझंच!"

दादा मला म्हणाले, "माझं कुठं हाय?"

"ठेक्यात बसत नव्हतं, दादा."

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांना गाणं ऐकू येत नव्हतं. ते फक्त तिला ऐकत होते. दुसऱ्या कडव्यापासून ती गायलाच लागली. सूर लागत नव्हता. चाल अजून नीट कळली नव्हती म्हणून प्रत्येक ओळीत ती थोडी मागे होती, पंख्यासारखीच. 'आशाबाईंचा आला वारा' ती असं म्हणत होती जसं कुणा दुसऱ्या बाईविषयी आहे आणि ती बाई तिला आवडते. भिंतीपलीकडे भांड्यांचे आवाज थांबले. मी तिला हळू बोल म्हणून सांगितलं नाही.

मग संगीत थांबण्याची जागा आली. ती एकदम गप्प झाली. डोळे मोठे झाले. पूर्ण संपेपर्यंत हलली नाही.

हेडफोन काढून, पण तितक्याच मोठ्या आवाजात, तिने विचारलं, "एवढ्या बाया कुठून आणल्या गं?"

"शहरातून."

"माझं नाव माहीत व्हतं त्यायला?"

"सांगितलं होतं."

"एक बारकी पोरगी पण हाय त्यात. लांब कुठंतरी." ती थोडा वेळ हेडफोनकडे बघत राहिली. "त्या बायांना एकदा जेवायला घेऊन ये. पुरणपोळी करू."

मी हो म्हटलं.

दादांनी खाकरून घसा साफ केला. म्हणाले, "परत लाव. मला बी दे."

१८ डिसेंबर

सकाळच्या गाडीने निघायचं होतं. आई भाकरी करत होती, मी पिशवी भरत होते.

फाटकापाशी कुणीतरी हाक मारली, "आशाबाई हायेत का?"

दादा सवयीने उठले. "कोण? काय काम हाय?"

वरच्या आळीतल्या आवडाबाई होत्या, सोबत आणखी तिघी. "तुमच्याकडं नाय काम. आशाबाईकडं हाय." मग आत वाकून, "चला की ओ. नव्या सरपंचबाई बसल्यात पंचायतीत. पाण्याचं तुमी बोलले व्हते ते त्यायच्या कानावर घालू."

आई चुलीपुढून म्हणाली, "अहो, मी पडले ना."

"पडल्या म्हून काय झालं? बोलता तर येतंय ना. आमाला नाय येत."

आईने माझ्याकडे बघितलं. काय विचारत होती ते मला कळलं नाही, म्हणून मी फक्त मान डोलावली. तिने हात पुसले, पदर घेतला. दाराशी थांबून तोंडासमोर चार बोटं धरली, बघितली, आणि गेली.

तव्यावर भाकरी होती. मी उलटवली. एका बाजूने काळी झाली होती. दादांनी ती ताटात घेतली, वर कांदा फोडला, आणि फाटकाकडे बघत सगळी खाल्ली.

माझी गाडी चुकली.